जुने भांडे आणि आंबट रस

गेल्या महिन्यात अमेरिकेतील भाच्याचा फोन आला. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी घर विकायला काढले आणि घरी बिअर बनवण्याचे वीस-पंचवीस वर्षांचे सामान याला फुकट देऊन टाकले. झाकणाची प्लॅस्टिकची मोठी बादली, काचेचा बुधला, लांब नळी, पितळेची तोटी, पातेले आणि पन्नासएक बाटल्या. "मामा, गरम पाण्याने स्वच्छ धुतले की झाले ना?" असा त्याचा प्रश्न. त्याला दिलेले उत्तर आज वाचकांपुढेही ठेवतो आहे. त्यातले बरेचसे आपल्या स्वयंपाकघरालाही लागू पडते.

प्रथम कायद्याचे बोलू. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या कायद्याने स्वतःच्या घरापुरती बिअर बनवण्यास केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी घरात पिंप मांडू नये!

आता मूळ प्रश्न. धुणे आणि निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुण्याने डोळ्यांना दिसणारी घाण जाते, जंतू जातीलच असे नाही. बिअर म्हणजे मोड आणलेल्या सातूचा गोड काढा यीस्ट घालून आंबवणे. असा कोमट, गोड काढा म्हणजे जंतूंना पंगतीचे आमंत्रणच! प्लॅस्टिकच्या जुन्या बादलीला आतून घासणीचे चरे पडलेले असतात. त्या चऱ्यांत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो आणि औषध त्याच्या आत पोहोचत नाही. नळीचेही तेच. म्हणून भाच्याला सांगितले, बादली आणि नळी टाकून दे. काचेचा बुधला आणि स्टेनलेस स्टीलचे पातेले ठेव. तडा गेला नसेल, तर त्यांना वयाचे बंधन नाही. मात्र आधी घासून घाण काढायची आणि मगच जंतुनाशक वापरायचे, हा क्रम उलटा करू नये. ब्लीचिंगचे पाणी आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये; त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

बाटल्यांचा धोका निराळा. बाटलीत भरल्यावरही आंबणे सुरू राहिले की आत वायूचा दाब वाढतो. तडा गेलेली किंवा पातळ काचेची बाटली अशा वेळी फुटते आणि काचा डोळ्यांत जातात. म्हणून प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहावी. शंका आली की ती भंगारात टाकावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट धातूची. आंबलेला पदार्थ आम्लधर्मी असतो आणि आम्ल धातूला खाते. जुन्या पितळेत आणि डाख दिलेल्या सांध्यांत शिसे असू शकते. अठराव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची सायडर पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा येत. १७६७ साली डॉ. जॉर्ज बेकर यांनी दाखवून दिले की, रस काढण्याच्या यंत्रात आणि हौदांत वापरलेले शिसे त्या आंबट रसात उतरत होते. रस तोच, फळे तीच. दोष भांड्याचा होता!

आता आपल्या घराकडे वळू. आपण बिअर करत नाही, पण दही, ताक, आंबील, लोणचे, कोकमाचे सार तर रोजचेच. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजीला पुस्तक न वाचता ठाऊक होते. ते ताक पोटात गेले की मळमळते, उलट्या होतात. हल्ली कल्हईवाला गल्लीत दिसत नाही. दिसला तरी कल्हई शुद्ध कथलाची हवी. त्यात शिशाची भेसळ असेल, तर ते विष कळा न देता साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत सरबत कालवणेही तसेच घातक. लग्नकार्यात हे अजूनही पाहायला मिळते.

आणि कीटकनाशकाचे रिकामे कॅन? शेतावर त्यातून पाणी नेणारे, घरी तेल भरून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. "चांगला तीन वेळा धुतला हो डॉक्टर!" असे वर सांगतात. प्लॅस्टिक औषध शोषून घेते, मग तीन वेळा धुवा की तीस वेळा. असा कॅन भोक पाडून निकामी करणे हाच उपाय.

काटकसर हा आपला गुण आहे आणि तो सोडावा असे मी म्हणणार नाही. जुना पाटा, जुनी काचेची बरणी, जुने स्टीलचे पातेले खुशाल वापरा. परंतु आंबट पदार्थ जिथे ठेवायचा, तिथे जुने ते सोने हा हिशेब चालत नाही. भांडे कशाचे आहे, आतून चरे किंवा तडे आहेत का आणि पूर्वी त्यात काय होते, हे तीन प्रश्न आधी विचारा. एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर दोन-पाचशे रुपयांचा मोह सोडा.

भाच्याला शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली. भांडी कितीही निर्मळ असली तरी आत तयार होते ते मद्यच. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. तो हसला आणि म्हणाला, "मामा, मग त्या बुधल्यात लोणचे घालू का?"

मी म्हटले, "तोंड अरुंद आहे, हात जाणार नाही. पण विचार चांगला आहे!"