थांबण्याची हमी कोणाची?

पगार थकला की संपाची नोटीस निघते, हे वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या वाचकांना सांगायला नको. जेट एअरवेजच्या वैमानिकांनी 2019 मध्ये मात्र उलटंच केलं. जानेवारीपासून पगार नव्हता, तरी 1 एप्रिलचा 'पगार नाही तर उड्डाण नाही'चा इशारा त्यांनी 15 तारखेवर नेला, मग तोही पुढे ढकलला. भिस्त होती बँकांकडून अपेक्षित असलेल्या 1500 कोटींच्या मदतीवर. ते आलेच नाहीत. 17 एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे शेवटचं विमान सुटलं. आपल्या शहरानेही जेट गमावली.

गलेलठ्ठ पगारवाल्यांची कसली कीव, असं म्हणणारे भेटतात. पण घराचा हप्ता काही गणवेश पाहून थांबत नाही! बुडत्या कंपनीत कामगाराने थांबावं, तर त्याची लेखी हमी कोणी द्यायची? या अंकातले लेख तेच विचारतात.