सुवार्तिकांचे प्रशिक्षण आणि पक्षाचे कर्तव्य

जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागातील एका खेड्यात एका वृद्ध ख्रिस्ती पाळकाचे निधन झाले. कुटुंब तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आणि त्याच मातीतले. तरीही गावात दफनविधी होऊ देणार नाही, असा पवित्रा गावातील काही मंडळींनी घेतला. मृतदेह शवागारात पडून राहिला आणि मुलाला आधी उच्च न्यायालयाचे व नंतर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २७ जानेवारी रोजी दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. एकाने कुटुंबाच्या खाजगी जमिनीत दफनास अनुमती दिली, दुसऱ्याने नाकारली. अखेर घटनेच्या १४२ व्या कलमाचा आधार घेऊन वीस-पंचवीस किलोमीटर दूर असलेल्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश देण्यात आला. मरणानंतर तीन आठवड्यांनी त्या पाळकाला साडेतीन हात जमीन मिळाली, तीही परगावी.

या घटनेचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धर्मांतराच्या प्रश्नावर संघ परिवार जे चित्र रंगवतो, त्यात गोरा मिशनरी असतो, डॉलरांची थैली असते आणि भोळाभाबडा आदिवासी असतो. परंतु आजचा धर्मप्रचारक बहुतांशी त्याच मातीतला, तीच बोली बोलणारा आणि बहुधा तितकाच दरिद्री असतो. स्थानिक मंडळीतील साध्या शेतकऱ्याला, मजुराला वा गृहिणीला प्रशिक्षण द्यावयाचे आणि जेथे अद्याप सुवार्ता पोचलेली नाही अशा लोकसमूहांकडे त्यांना धाडावयाचे, हीच आज प्रॉटेस्टंट मिशन-चळवळीची मुख्य पद्धत आहे. ही पद्धत कशी घडली, तिच्यात कोणते हितसंबंध गुंतले आहेत आणि श्रमिकांच्या पक्षाने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन या दोघांनी असा सिद्धांत मांडला की, स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः करणारी, स्वतःचा खर्च स्वतः उचलणारी आणि स्वतःचा प्रसार स्वतः करणारी असली पाहिजे. १८५४-५५ मध्ये अँडरसन भारतात आले. मुंबई व अहमदनगर येथे काम करणारे मराठी मिशन याच बोर्डाचे. इंग्रजी शाळांवरील भर कमी करून मातृभाषेतून शिकलेले देशी पाळक तयार करा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १८९० मध्ये जॉन नेव्हियस यांनी कोरियातील मिशनऱ्यांना हाच मार्ग सांगितला. या सिद्धांतावर इतिहासाने एक मार्मिक टीकाही करून ठेवली आहे. चीनमध्ये क्रांती झाल्यावर तेथील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळींनी याच त्रिसूत्रीचा आधार घेऊन परकीय मिशन-संस्थांशी असलेले संबंध तोडले. मिशनऱ्यांचेच शब्द मिशनऱ्यांना लागू पडले!

भारतातही स्वावलंबनाची ही प्रवृत्ती राष्ट्रीय चळवळीच्या लाटेबरोबर वाढली. तिरुनेलवेलीच्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी १९०३ मध्ये इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन केली आणि आपली माणसे तेलुगू मुलखात धाडली. १९०५ च्या नाताळात, म्हणजे वंगभंगाच्या आणि स्वदेशीच्या ऐन धामधुमीत, श्रीरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटीचा जन्म झाला. या दोन्ही संस्थांच्या उभारणीत अग्रभागी असलेले व्ही. एस. अझारिया १९१२ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांच्या प्रवेशावर निर्बंध आले, तेव्हा देशी संस्थांचे महत्त्व आणखी वाढले. १९५९ मध्ये तमिळनाडूतील प्रार्थना-गटांतून उभी राहिलेली फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँड ही त्यांपैकीच एक. गुजरातच्या डांग जिल्ह्यात तिने काम केले, ते मुख्यतः देशातल्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबांच्या वर्गणीवर. परकीय निधीचा प्रश्न खोटा आहे असे नव्हे. पण त्याचे नियमन करणारा कायदा या देशात १९७६ पासून आहे आणि २०१० व २०२० मध्ये तो अधिकाधिक कडक करण्यात आला आहे. 'सारे काही परदेशी पैशाने चालते' ही ओरड वस्तुस्थितीला धरून नाही.

तथापि, या चळवळीच्या सिद्धांतात जे खरोखर आक्षेपार्ह आहे त्याकडे डोळेझाक करणेही योग्य नव्हे. १८९७ मध्ये दमोह येथे जन्मलेले अमेरिकन मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी छत्तीसगडच्या सतनामी समाजात अनेक वर्षे काम केले आणि त्या अनुभवावरून १९५५ मध्ये आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. माणसाला आपली जात, भाषा वा जमात न ओलांडता ख्रिस्ती होता आले तर तो सहज होतो. म्हणून एकेक जातसमूह स्वतंत्रपणे गाठावा, असे त्याचे सार. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुमारे १५० देशांतील प्रतिनिधींच्या परिषदेत राल्फ विंटर यांनी हा विचार पुढे नेला. ज्या समूहांत स्वतःची मंडळीच नाही, त्यांच्यापर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मार्फत सुवार्ता पोचणार नाही. म्हणून असे समूह हुडकून काढावेत, हा त्यांचा आग्रह. तेव्हापासून जगातील जनसमूहांच्या याद्या, तक्ते आणि नकाशे तयार होऊ लागले. भारतात तर जातीगणिक नोंद झाली.

या दृष्टीत दोन मूलभूत दोष आहेत. पहिला असा की, जातीची भिंत पाडण्याऐवजी ती सोयीची म्हणून कायम ठेवली जाते. समतेच्या आशेने चर्चच्या दारात आलेल्या दलिताला आतही वेगळा बाक आणि वेगळी दफनभूमी मिळाली, हा दक्षिणेतील कटू अनुभव दलित ख्रिस्ती लोकांनीच पुनःपुन्हा मांडला आहे. दुसरा दोष असा की, कंपनीने विक्रीसाठी बाजारपेठेची पाहणी करावी तशी माणसांची मोजदाद होते. या मोजदादीत त्या समूहाच्या जमिनीवर कोणाचा कब्जा आहे, त्याचे जंगल कोणी तोडले, त्याचा सावकार कोण, या प्रश्नांना रकाना नसतो. हा आक्षेप केवळ कम्युनिस्टांचा नाही. लोझानच्याच व्यासपीठावरून इक्वेडोरचे रेने पाडिया आणि पेरूचे सॅम्युएल एस्कोबार यांनी अमेरिकी बाजारू प्रचारतंत्रावर आणि अन्यायाविषयी मौन पाळणाऱ्या सुवार्तेवर टीका केली होती. त्याआधी १९७१ मध्ये केनियाचे जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी व परदेशी पैसा काही काळ थांबवावा, अशी मागणी केली होती.

प्रशिक्षणाचे साधन एकच असले तरी ते कोणाच्या कामी येईल हे भोवतालचा वर्गसंघर्ष ठरवतो. ग्वाटेमालाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने तेथील आर्बेन्झ सरकार उलथवले आणि भूमिसुधारणा मोडीत निघाल्या. त्याच देशात १९६३ च्या सुमारास विंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेस्बिटेरियन पाळकांच्या शिक्षणाची नवी पद्धत सुरू केली. शेती सोडून शहरातील विद्यालयात येणे ज्यांना परवडत नव्हते, अशा गावकऱ्यांकडे शिक्षकच ठराविक दिवशी जाऊ लागला. ही पद्धत पुढे आशिया-आफ्रिकेत पसरली. त्याच सुमारास कॅथलिक चर्चनेही माया आदिवासींतून स्थानिक धर्मशिक्षक तयार केले. त्यांतील कित्येकांनी वाचायला शिकल्यावर जमिनीचे दस्तऐवजही वाचले आणि ते शेतकरी संघटनेत आले. रिगोबेर्ता मेंचू यांचे वडील विसेंते मेंचू हे असेच एक धर्मशिक्षक. ३१ जानेवारी १९८० रोजी स्पॅनिश दूतावासातील अग्निकांडात त्यांचा बळी गेला. आणि १९८२-८३ मध्ये माया खेड्यांची कत्तल ज्याच्या कारकिर्दीत झाली, तो हुकूमशहा रिओस माँट नवख्रिस्ती पंथाचा अभिमानी प्रचारक होता! एकाच बायबलाने एकाला जमीनदाराविरुद्ध उभे केले आणि दुसऱ्याच्या बंदुकीवर आशीर्वादाचा हात ठेवला. म्हणून धर्मप्रचारकाला सरसकट साम्राज्यवादाचा हस्तक ठरवणे किंवा सरसकट गरिबांचा कैवारी मानणे, दोन्ही चूक होय.

भारतात या प्रश्नाला आज जे वळण दिले जात आहे ते मात्र स्पष्टपणे फॅसिस्ट स्वरूपाचे आहे. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये 'धर्मस्वातंत्र्य' या नावाखाली धर्मांतरविरोधी कायदे केले. घटनेच्या २५ व्या कलमातील धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने तर निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली, २०२४ च्या दुरुस्तीने कोणाही त्रयस्थाला तक्रारीची मुभा दिली आणि शिक्षेची मर्यादा जन्मठेपेपर्यंत नेली. पूर्वीच्या धर्मात परत जाणे मात्र या कायद्यात धर्मांतर मानलेच जात नाही. म्हणजे 'घरवापसी'ला मोकळे रान! जुलै २०२५ मध्ये दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन जोगिणींना अटक झाली. त्यांच्यासोबत नोकरीसाठी निघालेल्या नारायणपूरच्या तरुणी आधीपासूनच ख्रिस्ती होत्या, असे त्यांच्या घरच्यांनी सांगूनही जामिनासाठी आठवडाभर वाट पाहावी लागली. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जिवंत जाळण्यात आले. २००८ मध्ये कंधमालमध्ये हजारो ख्रिस्ती दलित-आदिवासी बेघर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार ज्यांचे प्रमाण अवघे २.३ टक्के आहे, त्यांच्यापासून बहुसंख्याकांना धोका आहे असे सांगून ही आग पेटवली जाते.

या आगीचा खरा लाभ कोणाला होतो? धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, ही मागणी ज्या जिल्ह्यांत जोराने पुढे रेटली जात आहे, त्यांतले बरेच जिल्हे खाणींचे आणि जंगलांचे आहेत. ग्रामसभेत जोवर ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती आदिवासी एकत्र बसतात, तोवर १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांचे काही बळ उरते. तेच एकमेकांच्या मढ्याला जमीन नाकारू लागले, की खाण कंपनीचे काम सोपे होते.

अशा परिस्थितीत पक्षाची भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. कोणता धर्म पाळावा, कोणता सोडावा किंवा कोणताच पाळू नये, हा प्रौढ नागरिकाचा स्वतःचा निर्णय आहे. आदिवासी माणूस अजाण बालक आहे आणि त्याच्या वतीने जिल्हाधिकाऱ्याने वा बजरंगी टोळीने निर्णय घ्यावा, ही कल्पनाच अपमानास्पद आहे. पक्ष भौतिकवादी आहे; तो सुवार्तेचा प्रचार करणार नाही. परंतु पाळकाच्या दफनाचा हक्क आणि जोगिणीच्या प्रवासाचा हक्क यांसाठी उभे राहणे हे लोकशाही कर्तव्य आहे, कोणावर केलेला उपकार नव्हे.

मात्र एवढ्याने कर्तव्य संपत नाही. आदिवासी त्या सुवार्तिकाकडे का जातो, हा प्रश्न पक्षाच्या प्रत्येक शाखेने स्वतःला विचारला पाहिजे. मूल तापाने फणफणले असता रात्री उशाशी बसणारा माणूस त्याला तेथे भेटतो. दारू सुटल्यामुळे घरात चार पैसे उरतात. जत्रेत आणि बाजारात ज्याला नावाने कोणी हाक मारीत नाही, त्याला प्रार्थनेच्या वर्तुळात बसायला जागा मिळते. मुख्य म्हणजे हे सारे त्याच्या बोलीत घडते. २०११ च्या जनगणनेनुसार भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आणि गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत. तरी यांपैकी एकाही भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. सुवार्तिकाने ती बोली शिकून घेतली, अक्षर न येणाऱ्यासाठी तोंडी गोष्टींचा अभ्यासक्रम रचला. पक्षाचे शिक्षणवर्ग मात्र अजूनही बहुधा मराठीत वा हिंदीत चालतात, आणि 'वरकड मूल्य' हा शब्द मराठीतही ज्याला अडतो, त्याला गोंडीत तो कसा सांगावा याचा विचार क्वचितच होतो.

पक्षाला हे शिकण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर ठाण्याच्या वारली पाड्यांवर गेले, तेव्हा त्यांच्यापाशी ना पैसा होता ना सत्ता. २३ मे १९४५ च्या झरी येथील सभेनंतर वेठबिगारीविरुद्धचा लढा पाड्यापाड्यांवर पोचला, तो लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या वारल्यांच्याच पायांनी आणि त्यांच्याच बोलीत. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड पडला. तो त्या मातीतलाच होता. वारल्यांना त्यांचा देव कोणता हे किसान सभेने विचारले नाही. त्यांची मजुरी किती आणि जमीन कोणाकडे हे विचारले. ज्या पाड्यावर हा प्रश्न जिवंत आहे, तेथे क्रूस गळ्यात असलेला आणि देवचाराला कोंबडे वाहणारा असे दोघेही एकाच मोर्चात चालू शकतात.

इंदूर, भिलाई, बडोदे, हैदराबाद येथील मराठी भाषिक सभासदांपासून आदिवासी मुलूख फारसा दूर नाही. तेथील शाखांनी तीन कामे तातडीने हाती घ्यावीत. दफनबंदी, सामाजिक बहिष्कार आणि खोट्या तक्रारी यांची तपशीलवार नोंद ठेवून पीडितांना कायदेशीर साहाय्य द्यावे. वनहक्काचे दावे धर्माचा विचार न करता सर्व कुटुंबांचे एकत्र भरून द्यावेत. आणि आदिवासी तरुण-तरुणींतून, त्यांच्याच बोलीत शिकवू शकणारे कार्यकर्ते तयार करावेत; त्यासाठी वर्ग पाड्यावर न्यावा, पाडा वर्गात आणण्याची वाट पाहू नये.

बस्तरच्या त्या पाळकाला त्याच्या गावात जागा मिळाली नाही, याची लाज सर्वांना वाटली पाहिजे. पण त्याच्या शेजाऱ्यांना अडवून, 'हा आपलाच माणूस आहे, याला येथेच पुरू' असे त्यांच्या बोलीत सांगणारा एकही संघटित आवाज त्या दिवशी गावात नव्हता, याचे उत्तर श्रमिकांच्या पक्षालाच द्यावे लागेल.