विश्लेषण : प्रवेशासाठीचे ‘पर्सनल स्टेटमेंट’ निर्णायक का ठरते? नागझिरा परिसरातील विद्यार्थ्यांनी त्यात काय लिहावे?

परदेशातील पदव्युत्तर प्रवेशात गुणपत्रिकेबरोबरच विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेली एक-दोन पानेही तपासली जातात. गोंदिया-भंडारा जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांतून घरातले पहिलेच पदवीधर झालेल्या मुलांसाठी हा टप्पा सर्वांत अनोळखी असतो. हे निवेदन नेमके काय असते आणि ते कसे लिहावे, याचा आढावा.

पर्सनल स्टेटमेंट म्हणजे काय?

हाच अभ्यासक्रम का, त्यासाठी तुमची तयारी काय आणि पुढे काय करायचे आहे, या तीन प्रश्नांचे उत्तर म्हणजे पर्सनल स्टेटमेंट. अमेरिकेत ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ (एसओपी), तर युरोपातील अनेक देशांत ‘मोटिव्हेशन लेटर’ हा शब्द रूढ आहे. शब्दमर्यादा विद्यापीठागणिक बदलते. बहुतेक ठिकाणी ती ५०० ते १००० शब्दांच्या आसपास असते. ब्रिटनमध्ये पदवी प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या ‘यूकास’ या संस्थेने २०२६च्या प्रवेशांपासून सलग निबंधाऐवजी तीन ठरावीक प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. हा बदल पदवी अभ्यासक्रमांपुरता आहे. मात्र हा अभ्यासक्रम का निवडला, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले, हा त्या प्रश्नांचा क्रम पदव्युत्तर निवेदनाचा आराखडा म्हणूनही उपयोगी पडतो.

त्यावर इतके काय अवलंबून असते?

राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जातींतील ७५ विद्यार्थ्यांना मदत मिळते. आदिवासी विकास विभागाचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. परंतु अशा योजनांसाठी आधी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती लागते आणि त्या प्रवेशाच्या अर्जात निवेदन द्यावे लागते. म्हणजे निवेदन फसले तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची वेळच येत नाही. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीत तर नेतृत्व, संपर्कजाळे, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढील कारकीर्द यांवर स्वतंत्र उत्तरे लिहावी लागतात.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते अवघड का जाते?

कारण आपल्याकडे ते कोणी लिहायलाच सांगत नाही. राज्यातील विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेश प्रामुख्याने गुणवत्ता यादी किंवा प्रवेश परीक्षेवर होतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२पासून सीयूईटी-पीजी आहे. त्यामुळे ‘तुम्ही कोण आणि तुम्हाला हे का शिकायचे आहे’ हा प्रश्न वयाच्या बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा समोर येतो, तोही इंग्रजीत. मग सीनियरच्या एसओपीत नाव आणि विद्यापीठ बदलले जाते, किंवा सायबर कॅफेत मिळालेला नमुना भरला जातो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘लहानपणापासून यंत्रांचे आकर्षण होते’ म्हणतात, तर पर्यावरणाचे विद्यार्थी ‘लहानपणापासून निसर्गाची आवड होती’. शेकडो अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला या वाक्यांतून काहीच कळत नाही.

नागझिरा परिसरातील विद्यार्थी काय लिहू शकतो?

नागझिरा १९७०मध्ये अभयारण्य झाले. डिसेंबर २०१३मध्ये नवेगाव, कोका आणि नवीन नागझिरा यांसह त्याचा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. मे २०२३मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी येथे सोडण्यात आल्या. या जंगलातून २०१३मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला ‘जय’ वाघ एप्रिल २०१६नंतर दिसला नाही, ही बातमी देशभर गाजली. वन्यजीवशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्याला ‘जय’पासून सुरुवात करण्याचा मोह होणारच. पण ‘जय’ची गोष्ट सर्वांनाच ठाऊक आहे. ती कोणीही लिहू शकतो.

चोरखमारा किंवा मंगेझरी गेटजवळच्या गावातील मुलीला जे ठाऊक असते, ते इतरांना नसते. समजा, तिच्या घरी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत आहे आणि त्यातून कधी कधी वणवा पेटतो. ‘मला जंगल वाचवायचे आहे’ या वाक्यापेक्षा पुढील चार वाक्ये कितीतरी वजनदार ठरतील : ‘आमच्या घरीही पाला जाळत असत. वनविभाग मनाई करतो, पण मोहाच्या पैशांवर आमचा उन्हाळा निघतो. बीएस्सीच्या प्रकल्पात मी पाला जाळलेल्या आणि झाडून काढलेल्या जागांची तुलना केली. हाच प्रश्न मला मोठ्या क्षेत्रावर तपासायचा आहे.’

यात अनुभव आहे, पुरावा आहे आणि अभ्यासक्रमाशी थेट दुवा आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांकडून होणारा तेंदूपत्त्याचा लिलाव, तर जलव्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला गावचा मामा तलाव हाच विषय होऊ शकतो. अट एकच, जे स्वतः पाहिले किंवा केले तेच लिहायचे. प्रकल्प केला नसेल तर केल्याचे लिहू नये. मुलाखतीत ते लगेच उघडे पडते.

गरिबी, जात, जमात यांचा उल्लेख करावा का?

हा निर्णय सर्वस्वी विद्यार्थ्याचा. मात्र दुःखाची यादी म्हणजे निवेदन नव्हे. महाविद्यालय ३० किलोमीटरवर होते आणि शेवटची बस पाच वाजता सुटायची, म्हणून प्रयोगशाळेत थांबता आले नाही, या माहितीने कमी गुणांचे कारण कळते. ती जरूर लिहावी. पण त्यानंतर काय केले, हेही लगेच यायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या काही ठिकाणी वैयक्तिक पार्श्वभूमीसाठी ‘पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंट’ असे वेगळे निवेदनच मागतात. तेथे दोन्हींत तोच मजकूर देऊ नये.

‘एआय’कडून लिहून घेतले तर?

व्याकरण तपासणे, इंग्रजी सुधारणे यासाठी मदत घेण्यास अनेक विद्यापीठांची हरकत नसते. तरी प्रत्येकाचा नियम आधी वाचावा. संपूर्ण मजकूर लिहून घेतल्यास धोका दुहेरी आहे. अनेक ठिकाणी ‘हे लेखन माझे आहे’ असे जाहीर करावे लागते आणि ते खोटे ठरल्यास अर्ज बाद होऊ शकतो. दुसरे म्हणजे, मोहाचा पाला आणि शेवटची बस चॅटबॉटला ठाऊक नसते. तो पुन्हा ‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ यावरच येतो. त्यामुळे पहिला मसुदा मराठीत, हवा तर झाडीबोलीत किंवा गोंडीत लिहावा आणि मग इंग्रजीत आणावा.

मार्गदर्शन कोठे मिळते, सुरुवात कधी करावी?

बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे आणि चंद्रपूर जिल्ह्यातील ॲड. दीपक चटप हे ग्रामीण विदर्भातून चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या ‘सोएस’मध्ये शिकले. केंद्रे यांनी स्थापन केलेली ‘एकलव्य’ ही संस्था पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या अर्जांसाठी मार्गदर्शन करते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर ते जानेवारीत भरावे लागतात. म्हणून किमान तीन-चार महिने आधी पहिला मसुदा तयार हवा. तो एकदा विषयाच्या प्राध्यापकांना आणि एकदा गावातल्या, आपल्याला ओळखणाऱ्या माणसाला वाचून दाखवावा. प्राध्यापक विषयातील चूक सांगतील. ‘हे तू केलेच नव्हतेस’ हे मात्र गावातला माणूसच सांगू शकेल.