गुन्ह्याचे नाव आणि आकड्याचा अर्थ

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या वसाहतीतील एका वृद्ध काकूंच्या गळ्यातील मंगळसूत्र देवळातून परतताना दुचाकीवरून आलेल्या दोघांनी हिसकावून नेले. मानेवर वळ उमटला होता. मुलगा त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला आणि तासाभराने शिक्का मारलेला कागद घेऊन परतला. ‘तक्रार घेतली’, तो समाधानाने म्हणाला. कागद वाचला, तर त्यावर शब्द होता ‘गहाळ’.

एका शब्दाने काय घडते पाहा. मंगळसूत्र ‘हिसकावले’ तर तो गुन्हा. त्याला आरोपी असतो, तपास असतो, न्यायालय असते. तेच ‘गहाळ’ झाले तर गुन्हाच नाही. ते दोन दुचाकीस्वार कागदापुरते अस्तित्वातच राहिले नाहीत आणि त्या ठाण्याच्या हद्दीतील गुन्ह्यांचा आकडा एकाने कमी राहिला. फसवले गेल्याची जाणीवही त्या सुशिक्षित मुलाला झाली नाही, कारण पोलिसी परिभाषेचे ज्ञान आपल्याला कोणी देत नाही आणि आपणही ते मिळवत नाही.

या परिभाषेतील पहिला भेद दखलपात्र आणि अदखलपात्र गुन्ह्यांचा. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास व वॉरंटाविना अटक करू शकतात, आणि त्याची नोंद म्हणजेच प्रथम खबर. अदखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे बोलीभाषेतील ‘एन.सी.’मध्ये, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपास होत नाही. ‘एन.सी. घेतली’ याचा व्यवहारातील अर्थ बहुधा ‘कागद फाईलला लागला’ एवढाच असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात, चोरलेल्या वस्तूची किंमत ५००० रुपयांहून कमी असेल, चोर प्रथमच दोषी ठरत असेल आणि माल परत केला असेल, तर समाजसेवेच्या शिक्षेची तरतूद आहे. या प्रकारची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणून वस्तूची किंमत सांगतानाही नागरिकाने सावध व सत्यनिष्ठ असावे.

दुसरा भेद मालमत्तेच्या गुन्ह्यांचा. वृत्तपत्रे ‘दरोडा’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. कायद्यात मात्र संमतीवाचून वस्तू नेणे ही चोरी. त्यासाठी मारहाण केली वा धाक दाखवला तर जबरी चोरी. आणि पाच वा अधिक जणांनी मिळून ती केली तरच दरोडा. चौघांनी पेढी लुटली तर तो दरोडा नव्हे. नव्या संहितेच्या कलम ३०४ ने ‘हिसकावणे’ हा स्वतंत्र गुन्हा केला आहे. काकूंच्या बाबतीत हेच कलम पाहायला हवे होते. आणि मानेवरच्या वळाचा विचार करता जबरी चोरीचेही.

आता आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ‘भारतातील गुन्हे’ हा अहवाल आला की दोन प्रकारची भाषणे सुरू होतात. सत्ताधारी म्हणतात गुन्हे घटले, विरोधक म्हणतात वाढले. पक्ष बदलले की भाषणांची अदलाबदल होते. आकडे वाचण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. या अहवालात घडलेले गुन्हे नसतात, नोंदलेले गुन्हे असतात. देशात बलात्काराचे २०१२ मध्ये २४,९२३ गुन्हे नोंदले गेले. २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात समाज इतका बिघडला काय? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर स्त्रिया बोलू लागल्या, कायद्याची व्याख्या विस्तारली, आणि अशी तक्रार न नोंदवणे हा पोलीस अधिकाऱ्याचा गुन्हा ठरला. वाढलेला आकडा येथे बऱ्याच अंशी अन्यायाला वाचा फुटल्याची खूण होता. उलट, तक्रारदाराला दारातूनच परतवणाऱ्या ठाण्याचा आकडा नेहमीच सुंदर दिसेल.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर अहवालात सर्वांत गंभीर तोच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला तर तो ‘खून’ या रकान्यात जातो. दुसरी, राज्याराज्यांची तुलना एकूण संख्येने करू नये, दर लाख लोकसंख्येमागील प्रमाणाने करावी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा आणि गोवा साडेचौदा लाखांचा. त्यांची संख्या शेजारी मांडून काय सिद्ध होणार? तिसरी, दारूबंदी वा जुगाराचे गुन्हे बहुतांशी पोलिसांच्या छाप्यांतूनच नोंदले जातात. तेथे वाढलेला आकडा पोलिसांचे काम दाखवतो, गुन्हेगारी वाढल्याचे नव्हे.

‘दोषसिद्धीचे प्रमाण’ हा तर सर्वांत फसवा शब्द. समजा, शंभर गुन्हे नोंदले, साठांत दोषारोपपत्र गेले, त्या वर्षी दहांचा निकाल लागला आणि सहांत शिक्षा झाली. दोषसिद्धी किती? साठ टक्के! कारण ती निकाली खटल्यांवरच मोजतात. उरलेले पन्नास खटले तुंबलेले असतात. त्याखेरीज महाराष्ट्रात तपास थांबला की ‘समरी’ पाठवतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही वा पुरावा नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून आलेली वा दिवाणी स्वरूपाची. आपल्या फिर्यादीवर ‘ब’ लागली तर गप्प बसणे म्हणजे खोटेपणा मान्य करणे. दंडाधिकाऱ्यांपुढे हरकत घेण्याचा अधिकार फिर्यादीला आहे.

सर्व दोष पोलिसांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अपुरे मनुष्यबळ, बंदोबस्ताचा ताण आणि ‘आकडा खाली आणा’ हा वरचा आग्रह यांत ठाणे अंमलदार भरडला जातो. आकडा वाढला की त्याला जाब विचारणारे आपणच असतो. प्रामाणिक नोंदीची शिक्षा होणार असेल, तर नोंद प्रामाणिक कशी राहील?

कायदा मात्र नागरिकाच्या बाजूने उभा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर ती नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. काही मोजक्या प्रकारांतच आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून परतवता येत नाही, प्रथम खबरेची प्रत विनामूल्य मिळते, आणि नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे व पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे काकूंसह ठाण्यात गेलो. आवाज चढवला नाही. घडले ते लिहून दिले आणि कलमाचा उल्लेख केला. अर्ध्या तासात गुन्हा नोंदला गेला. मंगळसूत्र अद्याप मिळालेले नाही, कदाचित मिळणारही नाही. पण ते ‘हरवले’ नव्हते, ‘लुटले’ गेले होते, हे सत्य सरकारी दप्तरात उमटले. प्रत्येक वसाहतीत असे चार जाणते शेजारी असावेत, आणि सही करण्यापूर्वी कागद वाचण्याची सवय प्रत्येक घरात रुजावी.