एरंडाचे गुऱ्हाळ



निष्फळ चर्चेला आपल्याकडे एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात. वनस्पती तेलापासून रबर करायचे म्हटले की पुष्कळांना हेच आठवते. आमच्या मते ह्या गुऱ्हाळातून रस निघू शकतो. तो कोणाच्या काहिलीत पडणार, हे मात्र आधी ठरले पाहिजे.

डनलॉप गाडीचा टायर झिजला की त्याचे काय होते, ते आपण बघतोच. बांधावर पडतो, पाणी साचून डास होतात, नाही तर कोणी पेटवून देतो. १८३९ साली गुडइयरने गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ केले. पण गंधकाचे टाके एकदा पडले की ते रबर वितळवून पुन्हा ओतता येत नाही, मातीतही सहजी कुजत नाही. तेलाच्या रबरात निराळे टाके घालता येतात. अर्जेंटिनात मार देल प्लाता येथील संशोधकांनी २०१३ साली सोयाबीन तेलावर प्रक्रिया करून ते पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक आम्लाबरोबर तापवले. रबरासारखा पदार्थ झाला, आणि तुटलेले तुकडे गरम केल्यावर पुन्हा सांधले. उष्णतेने टाके सुटतात आणि नव्याने बसतात. सायट्रिक आम्ल तर आपल्या मळीपासूनही बुरशीच्या साह्याने करता येते!

पण देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. फोडणीचे तेल टायरात घालणे आम्हांस पटत नाही. एरंडेलाचे तसे नाही. जगातला बहुतेक एरंड भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. त्याच्या तेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते. साखळ्या जोडायला लागणारा जादा हात त्याला निसर्गानेच दिला आहे. फ्रान्समध्ये १९४० च्या दशकातच एरंडेलापासून नायलॉन झाले. (तेही कुजत नाही, बरं का. झाडापासून केले म्हणजे मातीत जिरते, असे नव्हे.) आपला देश मात्र अजून मुख्यतः तेलच बाहेर विकतो.

२००३ साली तेव्हाच्या नियोजन आयोगाच्या समितीने डिझेलसाठी मोगली एरंडाची शिफारस केली होती. रोपे लागली, पण सांगितले तेवढे बी काही आले नाही. म्हणून उद्या कोणी बियाणे घेऊन दारात आला तर ऊस मोडून एरंड लावू नका. खरेदीचा भाव आणि प्रक्रियेतला वाटा, दोन्ही आधी लेखी घ्या. ऊस नुसता विकला असता तर हा कारखाना उभा राहिला असता का?

संचालक मंडळाने एखाद्या विद्यापीठाकडून ठिबकच्या नळीचे वायसर तेवढे करून घ्यावे. वर्षभर ते आपल्याच काळ्या रानात पुरून ठेवावे, मग बघू जिरते का. हा विषय आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. सोयाबीनच्या कडेने सापळा पीक म्हणून ज्यांनी एरंड लावला आहे, त्यांनी सभेपूर्वी गट ऑफिसात नाव द्यावे.