सैन्य कोणाचे?

रोमचा विषय निघाला की शिस्तबद्ध पलटणी, सरळ सैनिकी रस्ते आणि विजयी सेनापतींच्या मिरवणुका यांचे वर्णन आवर्जून केले जाते. परंतु त्या सैन्याचे मूळ बळ शस्त्रागारात नव्हते, ते शेताच्या बांधावर होते. प्रजासत्ताकाच्या उत्कर्षकाळात रोमचा सैनिक म्हणजे रोमचा शेतकरी. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याच्यावर लढण्याचे दायित्व. शस्त्रेही त्याने स्वतःच आणायची. सैनिकी सेवा हा पोटाचा उद्योग नव्हता, नागरिकाचे ते कर्तव्य होते.

इ. स. पूर्व २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर हॅनिबलने एका दिवसात सुमारे पन्नास हजार सैनिक कापून काढले. तरीही रोमने तह नाकारला. घराघरांतून नवे सैन्य उभे राहिले, गुलामांच्याही हाती शस्त्रे दिली गेली आणि इ. स. पूर्व २०२ मध्ये झामा येथे हॅनिबल पराभूत झाला. हा विजय केवळ सेनापतींचा नव्हता, तो समाजाचा होता.

दुर्दैवाने या समाजाला विजयच पचला नाही. सागरापारच्या मोहिमांत शेतकरी वर्षानुवर्षे गुंतून पडले. अनेकांच्या जमिनी धनिकांच्या विस्तीर्ण मळ्यांत विलीन झाल्या आणि त्या मळ्यांवर युद्धात पकडलेले गुलाम राबू लागले. इ. स. पूर्व १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकसने भूमिहीनांना जमीन देण्याचा कायदा केला; त्याच वर्षी सिनेटच्या सदस्यांनी व त्यांच्या अनुयायांनी त्याचा भर सभेत वध केला. ज्यांच्या रक्तावर वैभव उभे राहिले, त्यांना मूठभर माती देण्यासही रोमचा धनिकवर्ग राजी नव्हता.

मालमत्तेची अट आधीपासूनच शिथिल होत आली होती. इ. स. पूर्व १०७ मध्ये मारियसने निर्धनांनाही सैन्यात घेतले. त्यात त्या गरीब सैनिकाचा दोष कोणता? निवृत्तीनंतर जमीन मिळेल ती सेनापतीच्या कृपेने, हे त्याने ओळखले. मग त्याची निष्ठाही सेनापतीकडे वळली. इ. स. पूर्व ८८ मध्ये सुल्लाने प्रत्यक्ष रोमवर चाल केली. त्या वेळी एक अपवाद वगळता त्याचे सारे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले, सैनिक मात्र गेले नाहीत. इ. स. पूर्व ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन ओलांडली आणि प्रजासत्ताकाची अखेर जवळ आली.

ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र कोष स्थापून व्यवस्था लावली. तिने दीर्घकाळ स्थैर्यही दिले. परंतु समाज आणि सैन्य यांतील अंतर वाढतच गेले. सीमेवर छावण्या, राजधानीत करमणूक! इ. स. १९३ मध्ये सम्राटाच्या अंगरक्षक दलाने पर्टिनॅक्सला ठार करून सिंहासनाचा चक्क लिलाव पुकारला. दर सैनिकामागे पंचवीस हजार सेस्टर्स कबूल करून डिडियस ज्युलियानसने ते घेतले आणि ६६ दिवसांत प्राणासह गमावले.

रोमच्या पतनाची कारणे अनेक आहेत. परंतु ही एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. संरक्षणाचे मोल केवळ वेतनात चुकते करून जो समाज निश्चिंत झोपतो, त्याचे सैन्य हळूहळू त्याचे राहत नाही. सैनिकाचा जयजयकार सोपा असतो. त्याच्या घराची, शेताची आणि म्हातारपणाची चिंता वाहणे, आपल्या घरातील मुलालाही त्या रांगेत उभे करणे, हे कठीण असते. राष्ट्राची परीक्षा तेथेच होते.