फोटोच्या पोटातली माहिती

यंदा मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्यांचे फोटो वाचकांनी आम्हाला ईमेलने पाठवले. त्यातला एक संगणकावर उघडला. मातीचा बुरूज, तटावर अळिवाची हिरवी लव, पायथ्याशी मावळे आणि शेजारी हसणारी एक मुलगी. फोटोचा तपशील पाहिला, तर फोनचं मॉडेल, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि अक्षांश-रेखांशसुद्धा! ते आकडे नकाशावर टाकताच त्या मुलीच्या इमारतीचं फाटक समोर आलं. पत्ता तर पालकांनी कळवलाच नव्हता.

फोटोत दडलेल्या या नोंदीला 'एक्झिफ' म्हणतात. 1995 साली जपानमध्ये ही पद्धत ठरली, आणि छायाचित्रकारांना तिचा फार उपयोग होतो. पण फोनमध्ये जीपीएस आलं आणि फोटोसोबत घराचा ठावठिकाणाही प्रवास करू लागला. अँटिव्हायरसमुळे जगभर नाव झालेले जॉन मॅकॅफी यांनाही हे भोवलं. शेजाऱ्याच्या खुनाच्या चौकशीसाठी बेलीझचे पोलीस त्यांना शोधत होते. डिसेंबर 2012 मध्ये सोबतच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो इंटरनेटवर टाकला. त्यातल्या नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं आणि काही दिवसांतच तिथे त्यांना अटक झाली. संगणक सुरक्षेतल्या जाणकार माणसाची ही गत, मग आपली काय कथा?

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही नोंद गळून पडते, मात्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. ईमेलनेही ती तशीच जाते. शिवाय फोटोत दिसणारी दारावरची पाटी आणि शाळेचा गणवेश तर उघड्या डोळ्यांनीही वाचता येतो. गावी गेल्या गेल्या टाकलेला फोटो शहरातलं घर बंद असल्याचं सांगतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. हा हक्क त्या किल्ल्याशेजारच्या मुलीचाही आहे, आणि ती लहान असल्याने तो जपण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, आमचीही आहे. म्हणून या अंकाच्या डिजिटल आवृत्तीतल्या सगळ्या फोटोंमधून आम्ही ही नोंद काढून टाकली आहे.

वाचकहो, फराळाच्या ताटाचा पहिला फोटो काढण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी बंद करा. आजी-आजोबांच्या फोनमध्येही तेवढं करून द्या. दुसऱ्यांच्या मुलांचा फोटो पुढे पाठवण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा.